टपावरची पाच बोटं

आमच्या भागात थंडी अंगाआधी कानाला कळते. सप्टेंबर सरत आला की एखाद्या शनिवारी दुपारी मी सिंकपाशी भांडी विसळत उभा असतो आणि ओट्यावरच्या कपातला चमचा उगाचच किणकिणायला लागतो. मग मोठ्या रस्त्यावरून तो आवाज येतो. खोल, घशातला, जरा अडखळणारा. सिग्नलला तो धापा टाकत थांबतो आणि हिरवा दिवा लागला की अशी डरकाळी फोडतो की शेजाऱ्यांचं कुत्रं सोफ्याखाली जातं. एक गाडी गेली की दुसरी येते. संध्याकाळपर्यंत हे असंच चालू असतं.

या साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या. मसल कार म्हणतात त्यांना. साध्या दोन दारांच्या गाडीत ट्रकला शोभेल एवढं इंजिन बसवायचं आणि ती वळेल का, थांबेल का, याची काळजी देवावर सोडायची, अशी एकूण कल्पना. ओहायोत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यानं बर्फ वितळतं खरं, पण तेच मीठ गाड्यांचा पत्रा खातं. म्हणून पहिलं बर्फ पडायच्या आत या जुन्या गाड्या शेवटचा फेरफटका मारून घेतात. मग टाकी भरायची, पेट्रोल नासू नये म्हणून त्यात औषध घालायचं, बॅटरी काढून ठेवायची आणि अंगावर कापड ओढायचं. पार वसंत येईपर्यंत कुणी त्यांना उठवत नाही.

माझा आवाजाशी जन्मजात दावा आहे. घरात मिक्सर लावायचा तरी स्वयंपाकघराचं दार आधी लोटून घ्या म्हणणारा मी माणूस. पुण्यात होतो तेव्हाही असाच होतो, इथं ओहायोतल्या डब्लिनला येऊन काही सुधारलो नाही. हा आवाज आमच्या घरात आणला माझ्या बायकोनं, वृंदानं. ती होती तेव्हा तो आला की मी कानात बोटं घालायचो. आता आला की नळ बंद करतो.

वृंदा कोल्हापूरची. उद्यमनगरात तिच्या वडिलांचं लहानसं वर्कशॉप होतं. आत लेथ आणि बाहेर अंगणात डेंटिंग-पेंटिंगला आलेल्या जीपगाड्या. शाळेतून आली की ऑइलच्या पिंपावर दप्तर ठेवून ती पॉलिश पेपर हातात घ्यायची, असं तिची आई कपाळावर हात मारून सांगायची. पुढे सगळ्यांसारखंच तिनंही कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, माझ्याशी लग्न केलं, व्हिसा, डब्लिन, ऑफिस. विम्याच्या कसल्याशा सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना वाईट वाटणार नाही अशा इंग्रजीत कळवायच्या. 'हातानं काही केलंच नाही रे कित्येक वर्षांत,' असं म्हणायची. 'पोळ्या करतेस की,' असं मी एकदा म्हणालो होतो. त्यावर तिनं ज्या नजरेनं पाहिलं ती लिहून दाखवण्यासारखी नाही.

कान मात्र तिचे वर्कशॉपमधलेच राहिले. रस्त्यावरून गाडी गेली की भाजी चिरता चिरता मान वर न करता सांगायची, 'मिसिंग आहे त्याच्यात. एक प्लग गेलाय.' मी म्हणायचो, जा, धावत जाऊन सांग त्याला. एकदा ती खरंच गेली. हातात सुरी तशीच होती. तो माणूस आधी घाबरला, मग त्यानं बॉनेट उघडलं, आणि दोघं अर्धा तास आमच्या फुटपाथवर वाकून बोलत बसली. कांदे मला चिरावे लागले.

तिची गाडी तिला भंगारात मिळाली. दक्षिण ओहायोत जिथं शेतं संपून टेकड्या सुरू होतात तिथं एक जंकयार्ड आहे. अख्खी दरी गाड्यांनी भरलेली. रांगाच्या रांगा, काचा फुटलेल्या, सीटमधून गवत आलेलं. तिथं बोलताना आपला आवाज आपोआप खाली येतो. एका गाडीच्या आरशाला तान्ह्या बाळाचा बूट लटकत होता. एकीत पुढच्या सीटवर कंगवा होता आणि त्याच्या दातांत अजून केस होते. या सगळ्यांतून कुणीतरी कधीतरी उतरलं आणि परत बसलंच नाही, एवढंच माझ्या मनात येत राहिलं. मला तिथून निघायचं होतं. वृंदा मात्र मंडईत फिरावं तशी पत्र्यांवर टिचक्या मारत फिरत होती. शेवटी ती एका शेवेलपाशी थांबली. शेवेल हे त्या मॉडेलचं नाव. इंजिनच्या जागी मनगटाएवढ्या खोडाचं तुतीचं झाड उगवलं होतं आणि ते बॉनेटच्या भोकातून वर आलं होतं.

'ही,' ती म्हणाली.

'हिच्यात झाड आहे.'

'झाड काढता येतं.'

'इंजिन नाही.'

'बसवता येतं.'

'मग घेतेयस तरी काय तू?'

'पत्रा,' ती म्हणाली. 'पत्रा म्हणजेच गाडी रे. बाकी सगळं बदलत असतंय.'

हौसेला मोल नाही म्हणतात, पण हौसेला जागा लागते. आमच्या गॅरेजात आधीच ट्रेडमिल, गणपतीचं मखर आणि भारतातून येताना आणलेल्या, न उघडलेल्या बॅगा होत्या. म्हणून गाडी गेली हँककडे. प्लेन सिटी नावाच्या गावापुढे मक्याच्या शेतांना लागून हँकचा मोठा पत्र्याचा शेड आहे. जुन्या गाड्या रंगवणं हा त्याचा धंदा. सत्तरी उलटलेला, बोलका, आणि गुडघ्यांबद्दल सतत तक्रार करणारा. शेडच्या कोपऱ्यात एक लांब, अरुंद नाकाची रेसर उभी असते. सरळ रस्त्यावर शर्यती खेळण्यासाठी हँकच्या भावानं ती स्वतःच्या हातानं बांधली होती. भाऊ गेल्यापासून तिला कुणी चावी लावलेली नाही. सीटवर त्याचे हातमोजे तसेच पडलेले आहेत. हँक तिच्यावरची धूळ झटकतो, पण मोजे उचलत नाही.

दर शनिवारी वृंदा तिथं जायची आणि मी तिच्यासोबत. मी शेडच्या दारात घडीच्या खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसायचो. ती आणि हँक जुना रंग खरवडायचे. काळ्याखाली सोनेरी निघाला, सोनेरीखाली निळा. एका दुपारी डाव्या दारावर निळ्याच्याही खाली पांढऱ्या आकड्याची पुसट कड दिसली. शर्यतीचा नंबर. वृंदानं घासायचं मशीन बंद केलं आणि ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत उभी राहिली. 'कुणीतरी लई पळवलीय हिला,' मला म्हणाली. त्या दिवशी तिनं त्या दाराला हात लावला नाही. पुढच्या शनिवारी मात्र आकडा घासून काढला.

'वाईट नाही वाटत?' मी विचारलं.

'वाटतं की. पण त्याच्यावर रंग बसत नाही.'

तो शरद मला अंगावरच्या कपड्यासारखा आठवतो. मक्याची कापणी चालू होती आणि त्याचं सोनेरी भुसकट हवेत तरंगायचं. शेडमध्ये थिनरचा वास, बाहेर वाळल्या पानांचा. हँकच्या रेडिओवर कुठल्यातरी मॅचची कॉमेंट्री चालू असायची, ती कुणीच ऐकत नसायचं. वृंदा पत्रा घासायची, खळग्यांत पुट्टी भरायची, पुन्हा घासायची. डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायची आणि जिथं उंचवटा लागेल तिथं खडूनं खूण करायची. रंगाखाली अस्तर म्हणून देतात त्या प्रायमरची राखाडी भुकटी तिच्या केसांवर, भुवयांवर बसायची. घरी येताना गाडीच्या आरशात बघून म्हणायची, 'म्हातारी झाले बघ.' मी हसायचो. ती म्हातारी झालेली मला तेवढीच बघायला मिळाली.

त्यातच नवरात्र आलं. हँकनं टपाला आणि बाकीच्या सांगाड्याला प्रायमरचा शेवटचा हात मारून ठेवला होता आणि एकच ताकीद दिली होती: आता उघड्या हातानं कुणी शिवायचं नाही. दारं आणि बॉनेट वेगळी काढून हुकांना टांगली होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. वृंदाच्या माहेरी त्या दिवशी वर्कशॉप झाडून-पुसून हत्यारांची पूजा व्हायची, लेथला झेंडूची माळ चढायची आणि दसऱ्यापर्यंत कुणी पान्याला हात लावायचं नाही. तिनं हँकला सांगितलं, 'आज काम बंद. हत्यारांना सुट्टी.'

'हत्यारांना?' हँक म्हणाला. 'आणि माझ्या गुडघ्यांना कधी?'

पण त्यानं ऐकलं. आमच्या मुलीनं, ईरानं, नर्सरीतून झेंडूच्या कुंड्या आणल्या होत्या. ती तेव्हा हायस्कूलमध्ये होती. जुनी चादर अंथरून त्यावर पाने, हातोड्या, स्प्रेगन आणि हँकची आवडती करवत, सगळं ओळीनं मांडलं. वृंदानं प्रत्येकाला हळदकुंकू लावलं. हँकनं टोपी काढून हातात धरली, शिरा खाल्ला, दुसऱ्यांदा मागून घेतला आणि रंगाचं सामान आणायला ट्रक घेऊन मेरिस्व्हिलला गेला.

तो गेल्यावर वृंदा गाडीकडे वळली. 'बॉनेट नाही. हिला कुठं लावू?'

'आई, हँक सेड नो टचिंग,' ईरा म्हणाली.

'देवाला चालतं.'

ती स्टुलावर चढली. तळहातावर पाण्यात कालवलेलं हळदकुंकू होतं. ड्रायव्हरच्या सीटच्या बरोबर वर, टपावर, तिनं पाच बोटं ओढली. राखाडी प्रायमरवर पिवळी-तांबडी बोटं फार गोजिरी दिसत होती. क्षणभर हात जोडून तिनं ओढणीचं टोक पाण्यात बुडवलं, सगळं पुसलं आणि ईराला म्हणाली, 'बघ, गेलं की.' खरंच काही दिसत नव्हतं. कुणालाच ती चूक वाटली नाही. आमच्या सात पिढ्यांत ज्यानं त्यानं आपल्या हत्यारावर, वाहनावर अशीच बोटं ओढली असतील.

रंग हिरवा झाला. हँक त्याला जंगलाचं कसलंसं नाव द्यायचा, वृंदा म्हणायची, 'शालूचा हिरवा.' हँकनं दुसऱ्या गाडीतलं इंजिन आणून बसवलं आणि थंडी पडता पडता गाडी ट्रेलरवरून घरी आली. काचा, सीटचं कापड अजून बसायचं होतं, ते हिवाळ्यात करू असं ठरलं. ट्रेडमिल विकून टाकली. ड्राइव्हवेपासून गॅरेजपर्यंत वृंदानं गाडी स्वतः चालवत नेली. ब्रेक दाबून तिनं एकदा इंजिन असं काही रेस केलं की समोरच्या घराचे पडदे हलले. मी कानात बोटं घालून हसत उभा होतो. तिनं ती गाडी चालवली ती एवढीच.

फेब्रुवारीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये ती खाली कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भारतातून फोन आले. नात्यातल्या एक मावशी म्हणाल्या, 'सवाष्ण गेली रे, भाग्याची.' मी फोन ठेवून दिला. त्यांना आजतागायत मी फोन केलेला नाही आणि करणारही नाही. पन्नाशी न पाहता माणूस जातं यात कुणाचं कसलं भाग्य, हे मला कुणी समजावून सांगावं.

उरलेलं काम हँकनं केलं. मार्चपासून तो न सांगता यायचा, काच बसवायचा, सीट चढवायचा, चहा पिऊन जायचा. मग गाडीवर कापड ओढून आम्ही गॅरेजचं दार लावलं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तरी फ्रीजरमधून काही आणायला गॅरेजात जायचं असलं की मी आधी खाकरतो. कापडाखाली गाडीचा आकार चादर ओढून झोपलेल्या माणसासारखा दिसतो. थंडीत पत्रा आकसतो आणि मधेच टक्‌ असा आवाज होतो. थिनरचा वास तिथून कधी गेलाच नाही. आणि त्याच्या खाली, नाक पुढे नेलं तर, वृंदाच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा. सीटच्या पाठीला तो वास लागायचं काही कारण नव्हतं. सीटचं कापड तर ती गेल्यावर बसवलेलं. तरी मला तो यायचा. मी कुणाला सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात, चिकचिकाटाच्या एका दिवशी, आम्ही बापलेकींनी गाडी धुवायला बाहेर काढली. ऊन उतरलेलं होतं. ईरा पाइप धरून टपावर पाणी मारत होती, आणि एकदम थांबली.

'बाबा. बाबा, कम हिअर.'

तिरप्या उन्हात हिरव्या रंगाखालून बारीक बारीक फोडांच्या ओळी वर आल्या होत्या. पाच. एका बाजूला जवळ-जवळ, खाली निमुळत्या होत गेलेल्या. अंगठ्याची जरा बाजूला.

'इज दॅट...'

'हो,' मी म्हणालो.

पाइपमधून पाणी वाहत होतं आणि ते बंद करायचं आम्हाला कुणालाच सुचलं नाही. मग ड्राइव्हवेच्या ओल्या काँक्रीटवर आम्ही दोघं तशीच बसून राहिलो.

हँक आला, भिंगातून बघू लागला. 'प्रायमरला कुणीतरी उघडा हात लावलाय,' म्हणाला. मी त्याला खंडेनवमीची गोष्ट सांगितली. त्यानं भिंग खिशात ठेवलं. मग हळूहळू समजावून सांगितलं. प्रायमर ओल शोषून घेतो. वरवर पुसलं तरी आत मीठ राहतं. हवेतली ओल रंगातून झिरपत त्या मिठापाशी जमते आणि रंग आतून उचलला जातो.

'कुंकवातलं मीठ?' मी विचारलं.

'त्यातलंही असेल. पण बोटांचंही असतं. घामाचं.'

म्हणजे ते नुसतं कुंकू नव्हतं. ती स्वतः होती. आम्ही तिला सायोटो नदीच्या काठच्या स्मशानगृहात निरोप देऊन आलो होतो, आणि ती रंगाखाली ओल धरून बसली होती. हे वाचून कुणी हसेल. हसू दे. माझ्यापुरतं त्या दिवसापासून ते तसंच झालं.

नंतरची काही वर्षं मी त्या बोटांच्या सोबतीनं काढली. सकाळी ऑफिसला जायच्या आधी गॅरेजात जायचं, कापड वर करायचं आणि टपावर हात ठेवायचा. माझी बोटं जाड, तिच्या रेषांबाहेर जायची. ऑगस्टच्या दमट हवेत ते फोड टरारून फुगायचे आणि जानेवारीत इतके खाली बसायचे की चाचपून शोधावे लागायचे. मला वाटायचं, श्वास चालू आहे. आमचा मित्र नितीन एकदा म्हणाला, 'अरे यार, एवढी मस्त गाडी आणि हा डिफेक्ट तसाच ठेवलायस? रीपेंट करून टाक ना.' मी म्हटलं, बघू. त्याला खरं सांगितलं असतं तर तो बिचारा रडला असता, आणि मला त्याचं सांत्वन करावं लागलं असतं.

मग फोड फुटले. आधी एका बोटाचा, मग दुसऱ्याचा. आतून तपकिरी दिसायला लागलं. गेल्या वर्षी पावसात गाडी बाहेर राहिली तेव्हा आतल्या छताच्या कापडावर डाग पडला, आणि ड्रायव्हरच्या सीटवर थेंब.

ईरा आता सिनसिनाटीत नोकरी करते, शनिवार-रविवार घरी येते. तिनं तो डाग पाहिला आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

'बाबा, वी हॅव टू फिक्स इट. गंज आरपार जातोय.'

'जाऊ दे.'

'जाऊ दे काय? आय वॉन्ट टू ड्राइव्ह इट. आई बिल्ट इट टू बी ड्रिव्हन.'

'तिची बोटं आहेत ती.'

'आय नो!' ती जवळजवळ ओरडलीच. 'आय वॉज देअर. मीच म्हटलं होतं तिला, नको लावू.' मग खुर्ची ओढून बसली आणि हळू आवाजात म्हणाली, 'अजून दोन-तीन विंटर्स, आणि रूफच राहणार नाही. मग काय ठेवणार तू? आणि आईला रस्ट बघवला असता? टेल मी.'

नसताच बघवला. गंज दिसला की वृंदाच्या कपाळावर आठी पडायची, परक्याच्या गाडीवर असला तरी. दारावरचा तो आकडा तिनं कसा घासून काढला तेही मला ठाऊक होतं. ईराचं म्हणणं सोळा आणे खरं होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं. गाडी ठेवायची तर वृंदाची शेवटची खूण जाणार, आणि खूण ठेवायची तर वृंदानं केलेली गाडी जाणार. टप काही दारासारखं काढून भिंतीला टांगता येत नाही. मी आठवडाभर ईराचे फोन दोन वाक्यांत आटोपले. रागावलो होतो, पण तिच्यावर नाही.

गेल्या ऑक्टोबरात गाडी हँकच्या शेडमध्ये गेली. कापणी चालू होती, तेच भुसकट हवेत होतं. हँकनं पॉलिश पेपर पुढे केला. 'तू करतोस की मी करू?' मी म्हटलं, मी. 'मग मोजे घाल.' मी म्हटलं, एक मिनिट. त्याला कळलं. तो रेडिओशी खुडबुड करायला गेला. मी उघडा हात त्या बोटांवर ठेवला. तिला काय सांगायचं ते सांगितलं. ते इथं लिहीत नाही. मग मोजे घातले आणि घासायला लागलो. हिरवा गेला, राखाडी गेला, तपकिरी भुकटी उडाली, आणि खाली चकाकणाऱ्या लोखंडात पाच काळपट ओरखडे उरले. मिठानं लोखंडही खाल्लं होतं.

'हे आता केमिकलनं धुऊन काढायचं,' हँक म्हणाला. 'कणभर राहिलं तरी पुन्हा वर येईल.'

ईरा बाहेर फोनवर होती. मी हँकच्या जवळ गेलो. 'थोडं राहू दे,' मी म्हणालो.

'काय?'

'लोखंडात आहे ते. सगळं नको काढूस. पुन्हा उठलं तर उठू दे.'

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या भावाच्या रेसरकडे. टोपी काढून पुन्हा घातली. 'माझ्या हातून अर्धवट काम होत नाही रे,' म्हणाला. आणि जरा थांबून, 'बघतो.' आपल्याकडे 'बघतो' म्हणजे नाही. पण हँक प्लेन सिटीचा, त्याच्या 'बघतो'चा अर्थ वेगळा असू शकतो, असं मी मनाशी धरून बसलो. बुडत्याला काडीचा आधार.

हा अख्खा उन्हाळा मी वाट पाहिली. जूनमध्ये काही नव्हतं, पण जून तसा कोरडाच गेला. जुलैत हवा अशी दमट झाली की चादरीसुद्धा ओलसर लागायच्या. रोज संध्याकाळी ऊन तिरपं झालं की मी गॅरेजचं दार वर करायचो, गाल टपाला टेकवायचो आणि एक डोळा मिटून बघायचो. वृंदासारखा डोळे मिटून तळहात फिरवायचो. देवाकडे मी आजवर पुष्कळ काही मागितलं आहे. प्रमोशन मागितलं, ग्रीन कार्ड मागितलं, फेब्रुवारीतल्या त्या दिवशी हॉस्पिटलच्या रस्त्यावर मागितलं ते वेगळंच. पण एका चांगल्या माणसाचं चांगलं काम बिघडावं म्हणून मागणं मी पहिल्यांदाच मागत होतो. ऑगस्टात एकदा उंचवटा लागला आणि मी धावत जाऊन टॉर्च आणला. चिमणीची शीट होती.

या शनिवारी जुन्या गाड्यांचा मोसमातला शेवटचा मेळावा होता. मॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये सगळे आपापल्या गाड्या बॉनेट उघडून लावतात आणि शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. बहुतेक सगळे म्हातारे. प्रत्येकाजवळ एक गोष्ट असते आणि तिच्यात कुणीतरी नसलेलं माणूस असतं. कुणाचा बाप, कुणाचा युद्धावरून न आलेला मित्र. ते गाडीबद्दल बोलतात, पण बोलत असतात त्या माणसाबद्दल. पूर्वी मला हे लोक वेडे वाटायचे. आता माझीही खुर्ची त्यांच्यात असते, आणि आवाज झाला तर मी कानात बोटं घालत नाही. ईरानं गाडी लावली. एक गृहस्थ आमच्या शेवेलभोवती फिरले, वाकून टपाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, 'काय काम आहे! आरशासारखं. कुणी केलं?' ईरानं हँकचं नाव सांगितलं. मी कॉफी आणायला गेलो.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. ईरानं गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं. तापलेलं लोखंड आतल्या आत टकटकत होतं. बॅटरी काढून झाली. एका बाजूनं तिनं आणि दुसऱ्या बाजूनं मी कापड धरलं, आणि ओढायच्या आधी, नेहमीसारखा, माझा हात टपावरून पुढे गेला. त्या जागेवर ईराचा हात आधीच होता. डोळे मिटलेले.

'काय बघतेस?' मी विचारलं.

'नथिंग.' तिनं हात काढला नाही. मग म्हणाली, 'तू बघतोस तेच. आय चेक एव्हरी टाइम, बाबा. ऑल समर.'

'आणि?'

तिनं नाही म्हणून मान हलवली.

'हँक डिड अ रिअली गुड जॉब,' ती म्हणाली आणि रडायला लागली. मी हातातलं कापडाचं टोक सोडलं आणि गाडीला वळसा घालून तिच्याकडे गेलो.